पन्नास कलमं

शहराच्या मधोमध उरलेली संत्र्याची जुनी बाग वाचवायची तर तिच्यात निदान पन्नास कलमी झाडं जिवंत हवीत, असा नियम निघाला. एक जरी कमी पडलं, तर तिथे वाहनतळ होणार होता. आमच्या गल्लीने दोन महिने सह्या गोळा केल्या, झाडांना आळी केली, पाणी घातलं. मोजणी माझ्याकडे आली, कारण मी ग्रंथालयातून निवृत्त झालेला आणि अक्षर बरं. बरोबर पन्नास भरली. मी तीनदा मोजली.

तपासणीच्या सकाळी कुंपणाजवळच्या एकविसाव्या झाडाला हात टेकला आणि बोटात काटा घुसला. चांगल्या कलमाला एवढा काटा असतो कुठे? वाकून पाहिलं. वरचं कलम कधीच मेलं होतं. खालचा रानटी खुंट फुटून त्याचंच झाड झालं होतं. म्हणजे एकोणपन्नास.

बायकोला हळूच सांगितलं.

"एवढी पुस्तकं वाचलीत, एक झाड नाही वाचता आलं?" ती म्हणाली. "अहो, त्या तपासणीच्या बाई काय प्रत्येक बुंध्याशी बसणार आहेत? गप्प राहा."

मग बाग वाचवायच्या समितीचे अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी, यांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले. "काका, मला सांगितलंत ते सांगितलंत. आता तोंड उघडू नका."

गप्प बसणं मला जन्मभर जमलंय. पण तपासणीच्या बाईंनी माझी यादी पुढे केली, "खाली सही करा" म्हणाल्या आणि माझा हात उचलवेना.

"एकविसावं... चुकलंय माझं," मी पुटपुटलो.

"काय?"

पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. शिंप्यांनी कपाळावर हात मारला.

बाईंनी झाड पाहून मान हलवली. "हे नाही धरता येणार. आता सगळीच बुंध्यापासून बघावी लागतील."

एकेक झाड सुरू झालं. शिंपी माझ्याकडे बघेनात. "बरं वाटलं आता?" बायकोने मागून विचारलं.

चौतिसाव्या झाडाशी बाई बसल्या त्या उठेनात. हातांनी माती बाजूला सारली.

"आजोबा, ही एक कलमाची गाठ. आणि ही दुसरी. एकाच खड्ड्यात कुणीतरी दोन रोपं लावलेली, बुंधे चिकटून गेलेत. तुम्ही एकच धरलंत?"

"एकच."

"म्हणजे दोन चुका."

"आणखीही असतील," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

नव्हत्या. शेवटच्या झाडापर्यंत पन्नास भरली. मी सही केली. अक्षर वाकडं आलं. शिंप्यांनी मला मिठी मारली, तर त्यांच्या गळ्यातली टेप माझ्या चष्म्यात अडकली. दोघांनाही ती सोडवता येईना.

बायको आळ्याच्या कडेवर मटकन बसली. "सकाळपासून उभी आहे," ती म्हणाली. "बसते जरा. आणि पुन्हा मोजू या म्हणालात तर बघा!"

मी तिच्या शेजारी बसलो.