हिरवं बटण आणि माझा अंगठा

माझ्या मुलाने मला एक पेटी आणून दिली, आणि त्या दिवसापासून मी अत्यंत शिस्तीची बाई झाले. असं मी म्हणत नाही, पेटी म्हणते.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी अधूनमधून विसरते, असा सूनबाईंचा संशय होता. संशय खरा होता, पण म्हणून काय झालं? मुलगा म्हणाला, एक तर ही पेटी वापरायची, नाहीतर कायमचं आमच्याकडे राहायला यायचं. त्यांच्याकडे माझी जागा म्हणजे हॉलमधला सोफा. सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की त्याचा पलंग होतो. इथे माझ्या दोन खोल्या आहेत, खिडकीशी शिलाई मशीन आहे, आणि जन्मभर शिवणाचा क्लास चालवून मी त्या खोल्या स्वतः घेतल्या आहेत. मी म्हटलं, ठेव बाबा पेटी.

कंपनीचा माणूस शिकवायला आला. टाय लावलेला, गोड बोलणारा. पेटी दिसायला खरंच देखणी, पांढरीशुभ्र, गुळगुळीत. ठरल्या वेळी पेटीतली बाई म्हणते, 'नमस्कार, औषधाची वेळ झाली.' एक गोळी पुढच्या खणात पडते. मग तो खण दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायचा आणि दाबून धरल्या धरल्याच ओढायचा. गोळी घेतली की वरचं हिरवं बटण दाबायचं, म्हणजे मुलाच्या फोनवर हिरवी खूण उमटते. नाही दाबलं तर लाल. महिन्याच्या गोळ्या मागून भरायच्या आणि झाकणाला कुलूप.

खण इतका घट्ट का, तर लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून. माझ्या घरातल्या सर्वांत लहान मुलाला टक्कल पडलंय, आणि कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात असते.

मी विचारलं, बनवताना ही कोणाला वापरून बघायला दिली होती का? तो खूश झाला. म्हणाला, तर काय, आमच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी वापरली. मी म्हटलं, त्यात माझ्या वयाचं कोणी होतं? नव्हतं, पण प्रत्येकाला आधी सांगितलं होतं म्हणे, की स्वतःला सत्तरीचं समजा. धन्य! मला कोणी सांगितलं असतं तर मीही स्वतःला पंचविशीची समजले असते, ब्लडप्रेशरची कटकटच मिटली असती.

माझा उजवा अंगठा कात्रीने खाल्लाय. जन्मभर कापड कापलं की पेर सुजतं आणि वाकायचं विसरतं. मी खण उरलेल्या बोटांनी दाबला, जोर नसलेल्या डाव्या हाताने दाबला, सांडशीने दाबला, शेवटी दातांनी धरून पाहिला. खण ढिम्म. पेटीतली बाई मात्र नमस्कारावर नमस्कार घालत होती. आणि वर ते हिरवं बटण, बशीएवढं मोठं, मऊ, मांजर चालून गेलं तरी दबेल असं. म्हणजे गोळी घेणं महाकठीण, पण घेतली म्हणणं अगदी सोपं. ज्याने कोणी ही अक्कल चालवली त्याला कोपरापासून हात जोडले आणि मी बटण दाबलं. बाई म्हणाली, 'शाब्बास.'

शेजारणीकडून उघडून घेतला असता, पण तिच्या पोटात काही राहत नाही आणि सूनबाईंचा नंबर तिला पाठ. दुकानदार चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही, आणि चिठ्ठी मुलाच्या फाइलमध्ये. मुलाला सांगावं तर सोफा तयारच. इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हा मी रोज शाब्बास ऐकत राहिले. डोकं जड व्हायचं, मान ठणकायची. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? पण सोफ्याची जास्त वाटायची.

महिन्याने तपासणीला गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला आणि पुन्हा गुंडाळला. मुलाने फोन पुढे केला. सगळा महिना हिरवागार. असे पेशंट मिळायला भाग्य लागतं, डॉक्टर म्हणाले, आणि मुलाची छाती फुगली. त्याच्या प्रगतिपुस्तकाने माझी कधी इतकी फुगली नव्हती. मग म्हणाले, एवढ्या नेमाने घेऊनही उतरत नाही म्हणजे गोळीच कमी पडतेय. दुप्पट करू, वर आणखी एक जोराची देऊ. गरज नसलेल्याने घेतली तर जागच्या जागी कोसळेल अशी आहे, पण आजींची शिस्त बघता काळजी नाही.

मला दरदरून घाम फुटला. आता गप्प बसले तर हे लोक मला कौतुक करत करत मारतील.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मी महिनाभर एकही गोळी घेतलेली नाही."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे, पण या खेपेला फार प्रेमळपणे.

डॉक्टर हळू आवाजात मुलाला म्हणाले, घेतलेलं लक्षात राहत नाही, सुरुवात अशीच होते, एकटं ठेवू नका. मी खणाचं सांगितलं, अंगठा पुढे केला. हो हो आजी, म्हणाले, आणि स्मरणशक्तीच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

गाडीतूनच मुलाने बायकोला फोन केला, सोफा मोकळा कर, आईला आजच आणतो. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. गावभरच्या बायकांची मापं तोंडपाठ असलेली बाई मी, आणि म्हणे मला आठवत नाही!

घरी आल्यावर त्याने माझ्या साड्या बॅगेत भरल्या. नव्या गोळ्या भरायच्या म्हणून किल्लीने पेटीचं मागचं झाकण उघडलं, आणि तसाच उभा राहिला. आतून पुढचा खण दिसत होता, आणि त्यात महिन्याच्या सगळ्या गोळ्या एकीवर एक साचल्या होत्या.

त्याने पुढून खण दाबला. त्याच्या हातात तो पहिल्याच झटक्यात उघडला. इतकं सोपं तर आहे, असं तो म्हणणार होता, तोंड उघडलंही होतं. मी माझा हात त्याच्या हातात दिला. त्याने अंगठा वाकवून पाहिला, मी कळवळले, तसा त्याने पटकन सोडला.

"आई, मला सांगायचंस ना."

"तासाभरापूर्वी सांगितलं," मी म्हटलं. "तू पेटीला विचारलंस."

तो शिलाई मशीनच्या स्टुलावर बसला. मग बायकोला फोन लावून म्हणाला, सोफा राहू दे. तिने पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"नाही गं," तो म्हणाला, "आईला सगळं आठवतंय."