फोर्कलिफ्टचा हॉर्न

संयोगिता कारखान्यांमधला आवाज मोजायची. कागल एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तिचं मीटर बंद पडलं, म्हणून तिनं कानानंच अंदाज घेतला. हातभर अंतरावर ग्राइंडिंग करणाऱ्या शिवपुत्रला तिनं नाव विचारलं. तिसऱ्यांदा ओरडल्यावर त्याला कळलं. म्हणजे नव्वद डेसिबलच्या वरच. इथल्या सगळ्यांनी कानात प्लग घालावेत, असं तिनं लिहून दिलं.

दिवाळीच्या आधी शिवपुत्र उलट्या येणाऱ्या, माल उचलायच्या फोर्कलिफ्टखाली सापडून गेला. कानात प्लग होते.

संयोगिता पुन्हा तिथं गेली, तर मॅनेजर उभ्या उभ्याच बोलला. "तुमच्या बोळ्यांनी माणूस खाल्ला. सगळ्यांचे काढायला लावलेत मी."

ती शिवपुत्रच्या जागी जाऊन उभी राहिली. ग्राइंडर चालूच होते. बाळासो फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याला मागून हॉर्न वाजवायला सांगून तिनं प्लग घातले. काहीच ऐकू आलं नाही. मग तिनं प्लग काढले. कान ठणकायला लागले, तरी ती वाट बघत राहिली. शेवटी बाळासोच समोर आला.

"वाजवा की," ती ओरडली.

त्यानं तिच्या कानाशी तोंड नेलं. "कवापासनं वाजवतोय, मॅडम."

मशीनचा आवाज तिनं पहिल्या दिवशी जोखला होता. हॉर्नचा विचारच केला नव्हता.

"प्लग असोत नसोत, हॉर्न ऐकूच येत नाही," तिनं मॅनेजरला सांगितलं. "गाडीला मागं दिवा लावा. माणसांना वेगळी वाट आखून द्या. आणि प्लग परत द्या, नाहीतर ही सगळी बहिरी होतील."

"झालं ते झालं. आता हे लिहू नका," तो म्हणाला.

तिनं लिहिलं. त्या फाउंड्रीनं तिला पुन्हा बोलावलं नाही.

ती शिवपुत्रच्या घरी गेली. त्याची बायको दानेश्वरी उंबऱ्यात बसली होती.

"ते प्लग घालतच न्हवतं," दानेश्वरी म्हणाली. "कान खाजत्यात म्हणायचं. मीच रोज डब्यासंगं द्यायची. घाला की, म्हणायची."

"प्लग नसते तरी हॉर्न ऐकू आला नसता. मी तिथं उभी राहून बघितलंय."

"खरं सांगतायसा, का माझं मन राखाय?"

"खरं."

दानेश्वरीनं पदरानं तोंड पुसलं. "मग आत सासूबाईस्नी सांगा. त्या माझ्याशी बोलत न्हाईत."

संयोगितानं आत जाऊन सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.