पोटातले जंतू

"स्तांकाताई, ये ना इकडे! बघ, जंतूवाली पिल्लं आज वजनात परत पुढे गेलीत," इलिनाने हाक मारली.

प्रयोगशाळेच्या त्या खोलीत प्लास्टिकचे दोन हवाबंद तंबू होते. दोन्हींतल्या कोंबडीच्या पिल्लांना सारखंच, प्रथिनं कमी असलेलं खाद्य. एका तंबूतल्या पिल्लांच्या पोटात एकही जंतू नव्हता. दुसऱ्यातल्यांना निरोगी कोंबडीच्या आतड्यातले जंतू पाजले होते. तेवढ्याच दाण्यावर ती अंग धरत होती. शरीराबाहेर वाया जाणाऱ्या द्रव्यांतूनही जंतू प्रथिनं उभी करून देतात, असं इलिनाचं म्हणणं.

खरं तर ते स्तांकाचं म्हणणं. काही वर्षांपूर्वी याच खोलीत, संस्थेच्या याच संचालकांपुढे तिने ते मांडलं होतं. ते हसले होते. आता सोफिया शहरातून आलेल्या या पोरीला त्यांनी खोली दिली, तंबू दिले.

"छान," स्तांका म्हणाली.

जेवताना इलिनाने बनित्साचा, चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीचा, मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवला. "आईने पाठवलीय. प्लोव्दिवच्या परिषदेत मी बोलणार, ताई! तू येशील ना?"

"येईन की. समोर बसायला पण कोणीतरी लागतंच."

टोमणा इलिनाला कळलाच नाही. ती हसत फोन करायला गेली.

स्तांकाने जंतूविना पिल्लांच्या तंबूच्या भिंतीला जोडलेल्या हातमोज्यात हात घातला. अंगठ्यापाशी बारीक शिट्टी वाजत होती. भेग! आत दाब जास्त, म्हणून अजून आतलीच हवा बाहेर येत होती. पण भेग फाटली की बाहेरचे जंतू आत, आणि तुलनाच संपली. आणि दोष कोणाचाच ठरला नसता.

तिने हात बाहेर काढला. दारापर्यंत गेली. प्लोव्दिवला रिकाम्या हातांनी उभी इलिना डोळ्यांसमोर आली आणि तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पण मग उत्तर कधीच कळणार नव्हतं. आणि प्रश्न तर तिचा होता.

ती धावत परतली, मोजा बाहेर ओढून भेगेची घडी मुठीत आवळली आणि ओरडली, "इलिना! चिकटपट्टी आण! पळ!"

दोघींनी मोजा गच्च बांधला.

"नशीब तुला दिसलं, ताई!" म्हणत इलिनाने संचालकांना फोन लावला. "सर, मोजा फाटला होता... नाही नाही, मी वाचवला सगळा प्रयोग!"

स्तांकाची बोटं बधिर झाली होती. तिने ती जरा चोळली, दुसऱ्या मोज्यात हात घातला आणि मागे पडलेल्या पिल्लांपुढे पाण्याचं भांडं सरकवलं.