मुकुंद साहेबांची पेडल स्टील

"काकू, ह्या तारा कोणी बदलल्या?"

चार पायांवर उभ्या गिटारच्या पोटाखालून बाहेर येऊन योगराज आता तारांवर वाकून विचारत होता. सुरतमधल्या कतारगामच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात विजयाबाई सोफ्याच्या कडेला टेकल्या होत्या. कोणीच नाही, म्हणाल्या. दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या, मुकुंदरावांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून वाद्याला कोणाचा हात लागलेला नाही. बँकेतली नोकरी सांभाळून तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलेलं वाद्य ते. पुढच्या आठवड्यात दोघं मुलाकडे पुण्याला कायमची जाणार होती. डोळ्यांदेखत ते उचललेलं ह्यांना सोसायचं नाही, तेव्हा व्यायामाच्या दवाखान्यातून ते परत यायच्या आत घेऊन जा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

योगराजने टॉर्च तारांवर धरली आणि तो वाकूनच त्या न्याहाळू लागला.

मूळचा तो शिरपूरकडचा, सुरतजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा फिटर. अठरा वर्षांपूर्वी एका वादकाने असंच एक अडकलेलं वाद्य त्याच्यापुढे आणून ठेवलं होतं. पेडल स्टील, म्हणजे टेबलासारखी चार पायांवर उभी असलेली आडवी गिटार, वर दहा तारा, खाली पेडल. पेडल दाबलं की तार ताणली जायची आणि सूर वर सरकायचा. सुरातलं योगराजला काही कळलं नाही. पण वाकून खाली पाहिलं तर सळया, स्प्रिंगा आणि तरफा. हे तर लूमचंच धाकटं भावंड, म्हणत त्याने दोन तासांत ती चालू केली. पुढे त्याने तशीच एक जुनी विकत घेऊन घरी आणली, तेव्हा बायको चंचल म्हणाली होती, "हाई काय शे? इस्तरीनं टेबल?"

आता सुरतमधल्याच भेस्तानच्या त्याच्या दुकानात देशभरातून फोन येत. जुनी गिटार घ्यायची, दुरुस्त करायची आणि योग्य माणसाला विकायची. वाद्य आणि माणूस यांची जोडी लावण्यात आपली चूक होत नाही, असं तो न लाजता सांगायचा, आणि ते खरंही होतं. आज सकाळीच त्याने शिलाँगच्या एका वादकाला शब्द दिला होता. दोन वर्षं तो माणूस अशाच गिटारच्या शोधात होता.

पण सुरतच्या दमट हवेत सहा महिन्यांत काळी पडणारी तार इथे लखलखत होती. खुंट्यांवरचे वेढे सैल, वेडेवाकडे होते, एकाच हाताने घातल्यासारखे.

योगराज सरळ झाला आणि हात पुसत म्हणाला, "काकू, मी थांबतो. साहेबांना येऊ द्या."

विजयाबाईंचा चेहरा पडला. मुद्दाम ही वेळ दिली होती, त्या म्हणाल्या.

"वाजवणाऱ्याच्या पाठीमागे मी वाद्य उचलत नाही. सौदा मोडला तरी चालेल. आणि साहेब अजून वाजवतात."

विजयाबाईंनी गिटारकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, रोज चार ते पाच मी देवळात असते, तेव्हा घरात हे एकटेच.

साडेपाचला रिक्षावाल्याने मुकुंदरावांना दारापर्यंत आणून सोडलं. काठी टेकत ते आत आले. गिटारची उघडलेली पेटी, योगराज, बायकोचा चेहरा, सगळं त्यांनी पाहिलं आणि शांतपणे खुर्ची गिटारपाशी ओढायला सांगितली. डाव्या हातात त्यांनी तारांवरून सरकवायची पोलादी कांडी घेतली, डावा पाय पेडलवर ठेवला आणि मानेने योगराजला खुणावलं.

योगराजने आजवर तार छेडली होती ती फक्त तपासायला. त्याने घाबरत पाचवी छेडली. मुकुंदरावांची कांडी सरकली, पाय दबला आणि सूर खोलीभर लांबत गेला. ते बोट दाखवत, योगराज ती तार छेडे. दोघांनी मिळून एक जुनी चाल पुरी केली. विजयाबाई डोळ्यांना पदर लावून दाराशी उभ्या होत्या.

"घेणारा... कोण?" जड जिभेने मुकुंदरावांनी विचारलं. योगराजने सगळं सांगितलं.

"रोज वाजवेल?"

"रविवारी चर्चमध्ये, एरवी घरी. मी पारखलाय साहेब."

विजयाबाई पुढे झाल्या. नसेल विकायची तर पुण्याला नेऊ, काहीही करून जागा काढू, म्हणाल्या.

मुकुंदरावांनी मान हलवली. "मी... निम्मीच वाजवतो. तिकडे पूर्ण वाजेल."

योगराजने गिटार पेटीत पालथी घातली आणि पाय सोडवायला पाना उचलला. मुकुंदरावांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. त्या गिटारचे पाय पाच मिनिटांत काढणारा योगराज हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पहिला पाय निघायलाच किती वेळ गेला. मग दुसरा. विजयाबाईंनी चहाचे कप आणले, दोघांकडे पाहिलं, आणि कपांवर बशा झाकून ठेवल्या.