पतंग का उडतो, ते मला ठाऊक होतं

मित्रांनो, मी कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स आहे, आणि खरं सांगायचं तर वैतागलेली आहे. नखाएवढा किडा जवळून टिपणं हे माझं काम. माझी काच घासणाऱ्या कारागिराने मला उजेडासमोर धरून मान डोलावली होती. तेवढंच काय ते कौतुक.

काकूंनी मला निवृत्तीनंतर घेतलं. त्या परिचारिका होत्या. त्यांनी दिलेली सुई टोचल्याचं कळत नसे, असं लोक म्हणत. न्हाणीघराच्या भिंतीवर सकाळी एक तपकिरी पतंग बसलेला असे. फोटोत त्याच्या मिशा स्पष्ट दिसल्या, तरच त्याचं नाव सांगता येईल, असं एका जाणकाराने कळवलं होतं.

काकू श्वास रोखून मला पुढे नेत. आम्ही दोघी चार बोटांवर आलो की पतंग भुर्रकन उडे. रोज तेच!

"हात थरथरतो माझा," त्या एकदा म्हणाल्या. "संपलं आता."

"चहा घे आधी," काका म्हणाले. "पतंग कुठे पळून जातोय?"

"पळूनच तर जातोय मेला!"

मला कारण ठाऊक होतं, पण तोंड कुठे आहे मला? काकांनी कपाटातल्या माझ्या पिशवीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. माझ्या अंगाला लागलेल्या त्या उग्र वासानेच पतंग पळत होता.

शेवटी काकूंनी मला बहिणीला देऊन टाकायचं ठरवलं. बहिणीने पिशवी उघडली आणि नाक दाबलं.

"ताई, अगं ही लेन्स आहे की स्वेटर?"

काका ऐटीत म्हणाले, "मीच ठेवल्यात गोळ्या. महागाची वस्तू, किडे नकोत जवळ यायला."

"अहो, मी किड्यांचेच फोटो काढते!" काकूंनी कपाळावर हात मारला.

मला देऊन टाकणं राहिलं आणि बरेच दिवस वाऱ्यावर ठेवलं. मग एका सकाळी पतंग जागचा हलला नाही. फोटो निघाला, पण धुरकट! त्या कोंदट कपाटात माझ्या काचेला आतून बुरशी धरली होती. मिशा दिसल्याच नाहीत. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

काकू मात्र फोटो डोळ्यांजवळ धरून बघत राहिल्या. "धुरकट आहे," त्या हळूच म्हणाल्या, "पण हललेला नाही."

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा आणि वरचेवर बाहेर काढा. आणि काही बिघडलं, तर आपल्या हाताला दोष देण्याआधी एकदा पिशवी हुंगून बघा.