सोमवारची मोजणी

डिंडोलीच्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक बन्सीलाल सर आयुष्यात फार कमी वेळा गंभीर बोलले. दुर्दैव एवढंच, की लोकांनी नेमका त्यांच्या थट्टेवर विश्वास ठेवला.

नियम असा होता : साठ मुलांपर्यंत शिक्षक दोन, एकसष्टावं मूल आलं की तिसरा. पटावर चौसष्ट मुलं होती. म्हणजे पहिली-दुसरीच्या उज्ज्वलाबाई या शाळेत राहणार की जाणार, हे चार मुलांवर होतं. बाई अशा, की घरी अहिराणी, गल्लीत हिंदी आणि दुकानात गुजराती बोलणारी पोरं त्यांच्याकडे येत आणि दिवाळीपर्यंत मराठी वाचू लागत. साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या शोभाबाईंची प्रियांका तर वर्षभर तोंडच उघडत नव्हती; आता ती आईला औषधाच्या बाटलीवरचंही वाचून दाखवायची.

‘चांगले शिक्षक कसे टिकवावेत’ या विषयावर सरांना तीन दिवसांचं प्रशिक्षणही मिळालं होतं. त्यात एक फाइल, एक पेन आणि फरसाणाचा पुडा मिळाला. ते तीन दिवस त्यांच्या वर्गाला शिक्षक नव्हता.

श्रावणात पालकसभेत सर म्हणाले, “ऑफिसचा माणूस कधीही येऊन डोकी मोजेल. कमी भरली तर बाई गेल्या.”

“मंग काय करानं, सर?” शोभाबाईंनी विचारलं.

“करायचं काय! तुमच्या देवीला, कानबाईला साकडं घाला. ऑफिस आपलं थोडंच ऐकतंय?”

सगळ्या हसल्या. शोभाबाई हसल्या नाहीत.

शनिवारी संध्याकाळी फोन आला : मोजणी सोमवारी. सर निरोप द्यायला गल्लीत शिरले, तर दाराला कुलूप, पुढच्या दाराला कुलूप. मिलमधून परतलेला एका मुलाचा बाप, मारुती, तेवढा भेटला.

“बायापोरं गावाला गेली ना, सर. उद्या कानबाई बसणार. दरवर्षी इथंच बसवतो आम्ही. पण शोभाबाई म्हणे, नवस गावच्या देवीलाच बोलायचा, पोरांना पाया पाडायचं. तुमच्याच बाईंसाठी!”

सरांनी फोन लावले. एकच लागला, त्यातून नुसता डफ ऐकू आला.

सोमवारी देवीचं विसर्जन तिकडे गावी झालं आणि मोजणी इकडे. एक्केचाळीस डोकी भरली. सरांनी हजेरीपट पुढे केला. “मला डोकी मोजायला पाठवलंय, नावं नाही,” तो माणूस जरा ओशाळून म्हणाला. खडूच्या मागणीला चार महिने घेणाऱ्या ऑफिसने बाईंच्या बदलीला एकच दिवस घेतला.

बुधवारी सकाळी शोभाबाई प्रियांकाला घेऊन हजर. प्रसादाची पुडी उज्ज्वलाबाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “आते तुम्ही कोठेच जात नहीत, बाई. मी देवीले सांगी उनू.”

बन्सीलाल सरांनी घसा खाकरला. “शोभाबाई, खरं म्हणजे, सोमवारी—”

“मीच बदली मागितली, शोभाताई,” उज्ज्वलाबाई मध्येच म्हणाल्या. “सासूबाईंना बरं नसतं. ती शाळा घराजवळ पडते.”

त्यांच्या सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. सर त्यांच्या तेराव्याला जेवले होते.

“आम्ही तठे पोरं लिसन पाया पडनूत, अन् तुम्ही आठे अर्ज लिखी बसनात? सांगानं तरी!” शोभाबाईंनी पुडी परत उचलली. “चाल व, प्रियांका.”

पोर दारापर्यंत मागे वळून वळून बघत गेली.

“मी सांगतो तिला,” सर म्हणाले. “थट्टा माझी होती.”

“नको, सर. मला शिव्या देईल चार दिवस. खरं कळलं तर स्वतःला देत बसेल.” बाईंनी कपाटाची किल्ली पुढे केली. “पहिली-दुसरी आता तुमच्याकडे. प्रियांकाला उभं करून वाचायला लावू नका. बसल्या जागी वाचते ती.”

सरांनी किल्ली घेतली. मग हजेरीपट उघडून प्रियांकाच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं : बसून.