बासष्टावा धडा

माझ्या बायकोने, अंबिकेने, मला अक्षरं शिकवली तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. आठव्या वर्षापासून झाँसी छावनीतल्या बंगल्यांच्या बागा केल्या आणि पगाराच्या रजिस्टरवर अंगठा उठवला. ती सागरची, दहावी झालेली. छापील अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसत, म्हणून तिने आमच्या नातीचा, देविकाचा, जुना कॉम्प्युटर मागून घेतला. पडद्यावर अक्षर बटाट्याएवढं करायची आणि त्याखाली बोट धरायची.

तिचं दुखणं बळावलं तेव्हा तिने मी पुढे वाचायचे धडे टाइप करून ठेवले. प्रत्येकाला नंबर दिला.

"रविवारी एकच," ती म्हणाली. "शेवटी प्रश्न असेल. त्याचं उत्तर वहीत लिहायचं, मगच पुढचा उघडायचा. आणि लबाडी नाही करायची."

ती गेल्यावर मी पहिला उघडला. धड्यांत आमचंच घर होतं. कढीत मेथी कधी घालायची, लग्नात घोडं का बिथरलं, माझा नवा सदरा इस्त्रीने नक्की कुणी जाळला. एकूण किती आहेत ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

देविका एकदा पेनड्राइव्ह घेऊन आली. "आजोबा, कॉपी करून ठेवते. इथल्या बिजलीचा काय भरोसा."

"तू वाचशील."

"माझी मराठी इतकी कुठे चांगली आहे?"

"तरी नको. ते आमच्यातलं आहे. तुला माझी शपथ."

एकसष्टाव्या धड्यात बरुआसागर आलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही बसने तिथलं तळं पाहायला गेलो होतो. तळ्याकाठी तिने मान खाली घालून माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. मी ती डोळ्यांसमोर धरली, वाचल्यासारखं केलं, "बरं आहे" म्हणालो आणि खिशात ठेवली. मग ती रडली. मी काही विचारलं नाही. चिठ्ठी सदऱ्याबरोबर धुतली गेली. धड्याच्या शेवटी तिने लिहिलं होतं, "मी त्यात काय लिहिलं असेल? तुम्हाला वाटतं ते वहीत लिहा. खरं काय ते पुढच्या धड्यात सांगते."

आठवडाभर वही उघडून बसलो. एक ओळ लिहिली नाही.

रविवारी व्होल्टेज पडलं. मे महिना, सगळ्या गल्लीत कूलर चालू. स्टॅबिलायझरवर लाल आकडा १४० होता, तो करंट पुढे सोडेना. इतर रविवारी मी संध्याकाळपर्यंत थांबत असे. त्या दिवशी मला थांबवेना. वायर सरळ भिंतीत लावली, तरी कॉम्प्युटर सुरू होऊन लगेच बंद पडायचा. मागे वाकून पाहिलं. एक लहान लाल बटण होतं, त्यावर २३० लिहिलेलं. स्क्रूड्रायव्हरने सरकवलं तर ११५ आलं. इंग्रजी आकडेही तिनेच शिकवले होते. येतंय एकशे चाळीस, म्हणजे हेच जवळचं, असा मी हिशेब केला.

कॉम्प्युटर सुरू झाला. मी बासष्टावा उघडला. पान पूर्ण भरलेलं होतं. पहिल्या ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर जोडत गेलो.

"अहो, वही आधी लिहिलीत ना?"

मला लाज वाटली. तरी बोट खाली नेलं. "त्या चिठ्ठीत" एवढं वाचून झालं आणि पंखा एकदम जोरात फिरायला लागला. व्होल्टेज पूर्ण आलं होतं. डब्यात फटाक्यासारखा आवाज झाला, धूर आला, पडदा काळा झाला. सराईत वाचणाऱ्याने तेवढ्या वेळात ते पान वाचून काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी देविका आणि मी डबा घेऊन मानिक चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने झाकण काढलं, मागे पाहिलं.

"बाबूजी, ये स्विच किसने छेड़ा?"

"मैंने. एक सौ चालीस आ रहा था."

"अनपढ़ आदमी इसे हाथ नहीं लगाता, बाबूजी. पढ़े-लिखे ही छेड़ते हैं."

मला शिकलेला म्हणणारा तो पहिलाच माणूस.

त्याने नवा पॉवर सप्लाय बसवला. पडदा उजळला, पण हार्ड डिस्क नुसती टकटक करत राहिली. तो म्हणाला, ती फिरत असताना झटका बसलाय. दिल्लीला पाठवली. तीन आठवड्यांनी परत आली. आतली तबकडी खरवडली गेली होती, काही निघालं नाही.

ती घेऊन घरी येताना रिक्षात मी देविकाला विचारलं, "तू तेव्हा गुपचूप कॉपी केली असशील ना? केली असशील तर मी रागावणार नाही."

"तुम्ही शपथ घातली होती, आजोबा," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

ती माझी शपथ पाळणारी पोर. तिने शपथ मोडली असती तर बरं झालं असतं, हे तिला कसं सांगणार.

रविवारी वही काढली. वर ६२ घातला. चिठ्ठीत काय असेल ते तेव्हाही सुचलं नाही. खूप वेळाने लिहिलं, "अंबिके, मला तेव्हा वाचता येत नव्हतं." हे तिला लग्नानंतर दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं. मी स्वतः कधीच सांगितलं नव्हतं.

वेलांटी बरोबर आली की नाही, ते दोनदा पाहिलं.